तटबंदी आतड्याची

(शिरगाव, ता. मावळ येथील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिरगाव म्हटले की बाहेरगावच्या माणसाला प्रतिशिर्डी आठवते. मावळच्या माणसाला त्याआधी पवना आठवते. या पवनेच्या खोऱ्यातून वर वर जात राहिले, की तिकोना, तुंग आणि लोहगड समोर उभे राहतात. लोहगडाची वाट एकामागून एक चार दरवाजे ओलांडते. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने छत्रपती शिवरायांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत आपला लोहगडही आहे, ही मावळच्या प्रत्येक घराला अभिमान वाटावा अशी गोष्ट.

आजचा विषय मात्र गडकोटांचा नाही, पोटाचा आहे. तरीही आरंभ लोहगडापासून, तो एवढ्याचसाठी की किल्ल्याची खरी कसोटी तटापेक्षा दरवाजात असते. सगळाच तट चिणून टाकला तर आतली शिबंदी उपाशी मरेल. दरवाजा सताड उघडा राहिला तर गड जाईल. धान्य आत यावे, शत्रू बाहेर राहावा, आणि यातला फरक देवडीवरच्या पहारेकऱ्याला कळावा, ही व्यवस्था म्हणजे किल्ला. नेमकी हीच व्यवस्था आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात आहे, आणि ती सैल झाल्याने होणारे दुःख आज अनेक घरांत मुकाट्याने सोसले जात आहे.

कोणाच्याही नात्यागोत्यात असा एक तरी माणूस सापडतो. तो एसटीत बसण्यापूर्वी काही खात नाही. परगावच्या लग्नाला जायचे टाळतो. नव्या घरी पाऊल टाकताच शौचालय कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहून ठेवतो. पोटात मुरडा येतो, शौचाला जाऊन आल्यावर जरा बरे वाटते, तासाभरात पुन्हा तेच. कधी जुलाब, कधी चार-चार दिवस कोठा साफ नाही. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने आतडे पाहून झाले. सगळे अहवाल निर्दोष. मग डॉक्टर म्हणतात, "काही नाही." घरातले म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." पोटातल्या कळेपेक्षाही हे दुसरे वाक्य त्या माणसाला अधिक लागते.

या विकाराला वैद्यकात इरिटेबल बाउल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. साध्या मराठीत चिडके आतडे म्हणता येईल. २०१६मध्ये निश्चित झालेल्या रोम निकषांनुसार, मागील तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वेळा बदलणे आणि मलाचे स्वरूप बदलणे यांपैकी किमान दोन गोष्टी असणे, आणि या तक्रारींचा आरंभ किमान सहा महिन्यांपूर्वी झालेला असणे, यांवरून निदान केले जाते. भारतीय गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी सोसायटीच्या कृतिदलाने २००८मध्ये देशातील अनेक केंद्रांतून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. तीत सर्वसामान्य लोकांतील सुमारे चार टक्के जणांत हा विकार आढळला. म्हणजे शंभर माणसांच्या वस्तीत चार. हा आकडा 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देण्याएवढा लहान नाही.

एका पेशीची भिंत

आतड्याची आतली भिंत किती जाड असावी? तिचे अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते, मिलिमीटरचा साधारण पन्नासावा भाग. या अस्तराच्या घड्या आणि अंकुर उलगडून सपाट पसरले, तर स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांच्या २०१४च्या मोजणीनुसार क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते. एखाद्या मोठ्या दिवाणखान्याएवढे. त्याच्या एका बाजूला अन्न, पाचकरस आणि अब्जावधी जिवाणू. दुसऱ्या बाजूला रक्त, मज्जातंतू आणि संरक्षक पेशींचे दळ. मध्ये ही एवढीशी भिंत. तिच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. जगात अशी दुसरी तटबंदी नसेल, जी दर आठवड्याला नव्याने बांधली जाते आणि बांधकाम चालू असताना एक क्षणही पहारा सोडत नाही.

या भिंतीपुढे बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. मोठ्या आतड्यात तो दुहेरी असतो. त्याचा आतला पदर जिवाणूंना जवळजवळ शिरूच देत नाही, हे २००८मध्ये गोथेनबर्गच्याच संशोधकांनी दाखविले. हा खंदक समजावा. खंदकाच्या आत पेशींची रांग, आणि दोन पेशींच्या मध्ये प्रथिनांची घट्ट सांधणी. ही सांधणी म्हणजे दगडांच्या सांध्यांत भरलेला निर्जीव चुना नव्हे. ती गरजेप्रमाणे किंचित उघडते आणि मिटते. जपानी शास्त्रज्ञ शोइचिरो त्सुकिता यांच्या चमूने यातील ऑक्लुडिन हे प्रथिन १९९३मध्ये आणि क्लॉडिन ही प्रथिने १९९८मध्ये शोधली. क्लॉडिन हे नावच मुळी 'मिटणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले आहे. शेवटी भिंतीच्या आत संरक्षक पेशींचा पहारा. लोहगडाप्रमाणेच येथेही एक दरवाजा पडला, तर पुढे दुसरा उभा असतो.

ही सांधणी सैल झाली आहे किंवा नाही, हे मोजण्याची एक साधी युक्ती आहे. रुग्णाला दोन प्रकारच्या साखरा पाण्यातून पाजतात. मॅनिटॉल ही लहान रेणूची. ती निरोगी आतड्यातूनही सहज आत जाते. लॅक्ट्युलोज ही मोठ्या रेणूची. ती सांधे सैल असतील तरच फटीतून शिरते. नंतर काही तासांची लघवी गोळा करून दोन्हींचे प्रमाण तपासतात. मोठी साखर जास्त आली, म्हणजे दरवाजा नीट मिटत नाही.

फटीतून आत काय जाते?

आता प्रश्न असा की फट पडल्याने कळ का येते? देवडीवरचे पहारेकरी चवताळतात, हे त्याचे उत्तर. आतड्याच्या अस्तराखाली मास्ट पेशी नावाच्या संरक्षक पेशी असतात. परकी वस्तू दिसली की त्या हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. इटलीतील बोलोन्या येथील संशोधकांनी २००४मध्ये दाखविले, की आयबीएसच्या रुग्णांत अशा पेशी मज्जातंतूंच्या अगदी निकट अधिक प्रमाणात असतात, आणि ही निकटता जेवढी अधिक, तेवढे पोटदुखीचे प्रमाणही अधिक. तंतू आधीच चेतवलेला. मग नेहमीचा वायू, नेहमीचा घासदेखील त्याला शत्रू वाटू लागतो.

बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठात २०२१मध्ये याच्याही पुढचे पाऊल पडले. उंदरांना आतड्याचा जंतुसंसर्ग झालेला असताना एक विशिष्ट अन्नप्रथिन खाऊ घातले. संसर्ग पूर्ण बरा झाल्यानंतर तेच प्रथिन पुन्हा दिले, तेव्हा त्या उंदरांच्या आतड्यात वेदनेची संवेदना वाढली. संसर्गाच्या गोंधळात पहाऱ्याने निरपराध अन्नाचे नाव शत्रूच्या यादीत लिहून ठेवले होते! पुढे आयबीएसच्या बारा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लूटेन, सोयाबीन व दूध यांचे अर्क सूक्ष्म प्रमाणात टोचून पाहिले. बाराही जणांत कोणत्या ना कोणत्या पदार्थाला स्थानिक प्रतिक्रिया उमटली. आठ निरोगी व्यक्तींपैकी ती केवळ दोघांत दिसली. हा प्रयोग लहान आहे, हे खरे. पण "अमुक खाल्ले की दुखते" असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नव्हता, एवढे त्याने नक्की सांगितले.

जुलाब थांबतात, दोष उरतो

दरवाजा सैल होण्याची सुरुवात अनेकदा एका जोरदार जुलाबाच्या दुखण्याने होते. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात मुसळधार पावसाने गुरांचे शेण पाणीपुरवठ्याच्या विहिरीत वाहून आले. पाण्यात पुरेसे क्लोरिन नव्हते. इतकेच नव्हे, तर क्लोरिन तपासल्याच्या नोंदीही खोट्या लिहिल्या जात होत्या, हे पुढे चौकशीत उघड झाले. ई-कोलाय व कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंनी सुमारे २३०० लोक आजारी पडले, सात जण दगावले. संशोधकांनी या गावाची साथ सोडली नाही. दोन-तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा त्या वेळी आजारी न पडलेल्यांत आयबीएसचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते; ज्यांना आतड्याचा संसर्ग झाल्याचे वैद्यकीय दृष्ट्या दिसत होते, त्यांच्यात ते सुमारे ३६ टक्के होते. आठ वर्षांनंतरही हा फरक पुरता पुसला गेला नाही. याच गावातील आयबीएसच्या रुग्णांत दोन साखरांची चाचणी केली, तेव्हा सैल सांधणीचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले.

वॉकर्टन दूर वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे वृत्तपत्रांतून गाजलेल्या जीबीएसची साथ उसळली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या मलाच्या नमुन्यांत पुण्याच्या एनआयव्ही या संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला, आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. जीबीएस हा मज्जातंतूंचा विकार. आयबीएसशी त्याची गल्लत करू नये. परंतु जिवाणू तोच आहे. त्याच्या तडाख्याने काहींचे हातपाय लुळे पडतात, ते वृत्तपत्रांत छापून येते. काहींचे पोट वर्षानुवर्षे बिघडते, त्याची बातमी होत नाही.

येथे आपल्या पूर्वसूरींचे स्मरण करणे उचित ठरेल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अतिसाराच्या अध्यायात एक निरीक्षण नोंदलेले आहे. अतिसार थांबल्यानंतरही ज्याचा अग्नी मंद आहे आणि जो अपथ्य खातो, त्याचा अग्नी पुन्हा बिघडून ग्रहणीला दूषित करतो, असा त्याचा आशय. चरकाने चिकित्सास्थानाचा पंधरावा अध्याय ग्रहणीदोषालाच वाहिला आहे. अपक्व अन्न धरून ठेवणारी आणि पक्व झालेले पुढे सोडणारी ती ग्रहणी; तिचे बळ गेले की कच्चेच पुढे जाते, असे तो सांगतो. सूक्ष्मदर्शकावाचून, केवळ रुग्णाच्या उशाशी बसून केलेले हे निरीक्षण थक्क करणारे आहे. मात्र आदराच्या भरात एक चूक टाळावी. ग्रहणी म्हणजेच आयबीएस, किंवा सुश्रुताला क्लॉडिन ठाऊक होते, असे म्हणणे म्हणजे सुश्रुताचा मोठेपणा लहान करणे होय. जे पाहिले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. त्याच्या वारसांनीही तेच करावे.

मन आणि पोट

मग मनाचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो भिंतीतूनच जातो. लुव्हेनमध्येच २०१४साली निरोगी स्वयंसेवकांना लोकांसमोर भाषण करायला लावले. ज्यांच्या शरीरात त्या ताणाने कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढले, त्यांच्या लहान आतड्याची सांधणी तात्पुरती सैल झालेली आढळली. मास्ट पेशींना शांत ठेवणारे औषध आधी दिले, तर मात्र हा परिणाम झाला नाही. म्हणजे ताण हा केवळ डोक्यात राहत नाही; तो देवडीपर्यंत हुकूम पोहोचवतो. चिंता, शोक, भय आणि क्रोध यांनी हितकर व माफक अन्नही पचत नाही, असे चरकाच्या विमानस्थानात म्हटले आहेच. तेव्हा "मनामुळे होते" आणि "खोटे आहे" या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परीक्षेच्या दिवशी मुलीचे पोट बिघडले, तर ते खरेच बिघडलेले असते.

बाजारातील तोतये

सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक आयबीएसच्या रुग्णाची भिंत सैल नसते. जुलाबाचा त्रास प्रधान असलेल्यांत, विविध अभ्यासांनुसार, तिघांतील एकापासून निम्म्याहून अधिकांपर्यंत ती सैल आढळते. बद्धकोष्ठ प्रधान असलेल्यांत फार थोड्यांत. फट हे कारण की परिणाम, हेही प्रत्येक रुग्णात सांगता येत नाही. असे असताना 'गळके आतडे' या नावाखाली सांधेदुखीपासून नैराश्यापर्यंत सर्व आजारांचे मूळ सांगणारा आणि त्यावर पावडरी विकणारा एक बाजार उभा राहिला आहे. रक्तातील झोन्युलिन मोजून आतड्याची गळती सांगणाऱ्या चाचण्याही विकल्या जातात. २०१८-१९मध्ये जर्मनी व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तपासले, तेव्हा बाजारातील संच झोन्युलिन नव्हे, भलतीच प्रथिने मोजत असल्याचे आढळले. अशा तोतयांवर पैसा घालवू नये. आणि देशी नावाचा तोतया आहे म्हणून त्याला मुजरा करण्याचेही कारण नाही.

देशी औषधांची परीक्षा झालीच नाही, असे मात्र नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात आयबीएसच्या १६९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध झाला. ब्राह्मी व बेल यांचे मिश्रण, प्रचलित औषधे आणि औषधी गुण नसलेली गोळी यांची तुलना त्यात होती. प्रचलित औषधांनी सुमारे ७८ टक्के, ब्राह्मी-बेलाने ६५ टक्के, तर निर्गुण गोळीने ३३ टक्के रुग्णांना बरे वाटले. देशी औषधाचा गुण जुलाबाच्या रुग्णांत विशेष दिसला. पण सहा महिन्यांनंतर त्रास पुन्हा उलटणे रोखण्यात दोन्ही उपचार निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरले नाहीत, हेही त्याच विद्वानांनी लिहून ठेवले. अभ्यास करावा तर असा, आणि सांगावा तर संपूर्ण.

घरोघरी ठाऊक असलेला इसबगोल मात्र कसोटीला उतरला आहे. नेदरलँड्समध्ये २००९साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसबगोलाच्या भुशीने आयबीएसच्या रुग्णांना आराम दिला. गव्हाच्या कोंड्याने तसा लाभ झाला नाही, उलट अनेकांचा त्रास वाढला. तेव्हा "पोट बिघडलंय ना, मग कोंडा खा" हा सल्ला सरसकट देऊ नये. इसबगोलही थोड्यापासून सुरू करावा आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावा.

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने आंबून वायू करणाऱ्या शर्करा काही आठवडे कमी करण्याची आहारपद्धती घडविली. कांदा, लसूण, गहू, राजमा, हरभरा हे पदार्थ तीत काही काळ बाजूला ठेवतात आणि मग एकेक करून परत आणून पाहतात. आपल्या मावळचा इंद्रायणी भात तीत निर्धास्त बसतो. पण हा प्रयोग आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने करावा, आणि बंदी जन्माची करू नये; अन्नाचे वैविध्य कमी झाले की आतड्यातले हितकारी जिवाणूही उपाशी राहतात. भिंत थेट सांधण्याच्या दृष्टीने, संसर्गानंतर आयबीएस झालेल्या आणि सांधणी सैल असल्याचे सिद्ध झालेल्या रुग्णांना ग्लूटामिन देऊन पाहिलेला एक प्रयोग २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष उत्साहवर्धक होता; तथापि निवडक शंभरेक रुग्णांवरून सर्वांनी दुकानात धाव घ्यावी, असे नाही.

एक इशारा सर्वांनी लक्षात ठेवावा. मलातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, ताप, पंडुरोग, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, किंवा घराण्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असेल, तर आयबीएस म्हणून स्वस्थ बसू नये. आतड्याचा क्षयरोग आपल्या देशात अजून आहे. डॉक्टरांकडे तत्काळ जावे. आणि प्रत्येक जुलाबाला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणून घेऊ नये.

पहारा गावाने द्यायचा

शेवटी, कार्यकर्त्याने यातून काय घ्यावे? भिंत एकट्याची असली, तरी तिच्यावरचा पहिला घाव बहुधा सामाईक पाण्यातून येतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणी करतो. पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरिन आहे. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. ही नोंदवही रोज भरली जाते काय, आणि खरी भरली जाते काय? वॉकर्टनला नोंदवही भरलेली होती, पाणी मात्र रिकामे होते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर, जत्रेच्या वा भंडाऱ्याच्या आधी, गुरुवारी दर्शनाची गर्दी उसळते तेव्हा, गावातल्या दोन तरुणांनी जलसुरक्षकाबरोबर उभे राहून ती चाचणी पाहावी. अन्नदानाएवढेच हेही पुण्यकर्म आहे.

आणि घरातल्यांनी एवढेच करावे. ज्याचे पोट दुखते, त्याला उद्यापासून "मनाचे खेळ" हे शब्द ऐकवू नयेत. प्रवासात गाडी थांबवायला सांगितली, तर हसू नये. एका पेशीच्या जाडीची भिंत तो रोज नव्याने बांधतो आहे. ज्याचा गड झुंजतो आहे, त्याच्या पाठीशी निदान आपल्या माणसांनी तरी उभे राहावे.